जानापावच्या अर्ध्या वाटेवरून

सुलोचना मूळची मानपूरची. तिचे वडील कृष्णराव तिथे पोस्टमास्तर होते. पोस्ट आणि घर एकाच इमारतीत होतं, आणि सकाळी मागच्या अंगणात दात घासायला उभं राहिलं की समोर जानापावचा डोंगर दिसायचा. फार उंच नव्हे. टोपली उपडी घालावी आणि वरून जरा चेपावी, तसा. पावसाळ्यात त्याचा माथा ढगात असायचा आणि दिवाळीनंतर उतारावरचं गवत पिवळं पडून उन्हात चमकायचं.

कृष्णरावांना वाचायचा नाद होता. ते मुलीला सांगत, "हा बाबा एके काळी आग ओकत होता बरं. आपल्या माळव्याची काळी माती, त्यातला कापूस, इंदूरच्या गिरण्यासुद्धा, सगळं असल्या डोंगरांच्या पोटातनं आलंय." गिरण्या पोटातून कशा आल्या हे लहान सुलोचनेला कळत नसे. पण ओढ्यातले काळे, भोकंभोकं पडलेले दगड ती ओळखायची. त्यांच्या घरी टाचा घासायला तसलाच एक दगड न्हाणीत असे.

आगीपेक्षा तिला पाण्याची गोष्ट आवडायची. डोंगराच्या माथ्यावर एक देऊळ आणि कुंड आहे. उत्तरेकडच्या उतारावरून निघालेलं पाणी चंबळेत जातं, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत. दक्षिणेकडचं पाणी घाट उतरून नर्मदेला मिळतं. "माथ्यावर उभी राहून दोन्हीकडे एकेक ओंजळ टाकलीस ना," वडील म्हणायचे, "तर एक ओंजळ पूर्वेच्या समुद्रात जाईल आणि दुसरी पश्चिमेच्या. घरबसल्या दोन समुद्र!"

कार्तिकी पौर्णिमेला तिथे जत्रा भरे. चालण्याइतकी मोठी झाल्यावर तिलाही वर न्यायचं ठरलं, आणि नेमकी त्याच वर्षी तिला गालगुंडं झाली. तोंडाभोवती फडकं बांधून ती पायथ्याशी बैलगाडीत आईजवळ बसून राहिली. वडील वर जाऊन आले आणि तांब्यात कुंडाचं पाणी घेऊन आले. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणाले. पुढच्या वर्षाच्या आत त्यांची सनावदला बदली झाली, आणि सनावदहून तिचं लग्न होऊन ती इंदूरला आली.

नवरा श्रीपाद होळकर सरकारच्या कचेरीत कारकून होता. छत्रीबागेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, घरात तो आणि त्याची आई रमाबाई. गच्चीवरून खान नदी दिसायची, गिरण्यांची धुराडी दिसायची, डोंगर मात्र कुठेच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिनं त्याला जानापावची गोष्ट सांगितली. श्रीपाद हसला.

"म्हणजे आधी आग आणि आता पाणी! जाऊ की. महूच्या पुढे तर आहे. केव्हाही जाता येईल."

केव्हाही जाता येण्यासारखी गोष्ट असल्यामुळेच ती राहून गेली. पहिली काही वर्षं घरच्या अडचणींत गेली. मग संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत आलं, आणि श्रीपादच्या जिवाला एक घोर लागला. नव्या सरकारची राजधानी सहा महिने इंदूर आणि सहा महिने ग्वाल्हेर. उन्हाळ्यात सगळं सचिवालय इंदुरात, थंडी आली की ट्रंका, फायली, टाइपरायटर आणि कारकून यांच्यासकट ते ग्वाल्हेरला जायचं. कचेरीत ग्वाल्हेरवाले आणि इंदूरवाले असे उघड दोन तट पडले होते. कोण जास्त झाला, कुणाला घरी बसवणार, याच्या बातम्या रोज उठत. श्रीपादचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते. ही नोकरी त्याला कुणाच्या तरी दयेनं मिळाली होती, आणि दयेनं मिळालेली वस्तू कधीही काढून घेतली जाईल असं त्याला मनातून नेहमी वाटे.

रमाबाईंना प्रवास झेपत नव्हता, म्हणून सुलोचना इंदुरातच राही. श्रीपाद ग्वाल्हेरला एका चाळीत चौघांबरोबर राहायचा. म्हणजे डोंगर चढायचे दिवस आले की तो ग्वाल्हेरला, आणि तो इंदुरात असला की ऊन किंवा चिखल.

"तुमच्या राजधानीचं आणि माझ्या डोंगराचं काही जमत नाही," ती एकदा म्हणाली. रुसून नव्हे, थट्टेनं.

एका वर्षी शेजारच्या शारदाबाई आणि त्यांच्या घरचे जत्रेला निघाले होते. तिनं श्रीपाद ग्वाल्हेरला निघण्याआधीच विचारून ठेवलं, "शारदाताईंबरोबर जाऊ का मी? आईंचं मी सगळं करून जाईन. संध्याकाळी परत."

"मी इथे नसताना?" श्रीपाद म्हणाला. "काही झालं तर कोण धावपळ करणार? आणि लोक काय म्हणतील, नवरा परगावी आणि बाई जत्रा करत फिरते. मी नेतो ना तुला. जरा दम धर."

तिनं दम धरला.

चौपन्नच्या दिवाळीत त्याच्या मनानं घेतलं. तो ग्वाल्हेरहून सणाला आला होता, आणि भाऊबीज झाल्यावर लगेच परत जायचं होतं. पण त्या वर्षी सुलोचना त्याला एकदम थकलेली वाटली. तिच्या कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि ते त्याच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. त्यानं सकाळी पोस्टात जाऊन तार केली की आईची तब्येत अचानक बिघडली आहे, रजा वाढवून मिळावी. रमाबाई त्या वेळी गच्चीवर बसून मेथी निवडत होत्या.

घरी येऊन तो म्हणाला, "उद्या जानापावला जायचं. आई, शारदाबाई येऊन बसतील तुझ्याजवळ."

सुलोचना त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मजा करून राहिले की खरंच?"

"अगं खरंच. पक्कं."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी मोटार पकडली. डब्यात दिवाळीचा उरलेला फराळ होता, चकल्या, शेव, चिरोटे. पिशवीत एक लहान पितळी तांब्या तिनं मुद्दाम घेतला होता. महू मागे पडली आणि आग्रा-बॉम्बे रोडच्या उजव्या बाजूला झाडांच्या फटीतून डोंगर दिसला, तशी ती बाकावरून अर्धी उठली.

"तोच!" ती म्हणाली. मोटारीतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. श्रीपाद हळूच म्हणाला, "बस खाली."

फाट्यावर उतरून ते शेतांमधून चालत निघाले. कापूस फुटायला लागला होता. ज्वारीची कणसं भरली होती. माती इतकी काळी की नुकत्याच नांगरलेल्या पट्ट्यावर उन्हाची तिरीप पडली की ती निळसर दिसायची. पुढे पायथ्याचं गाव, आणि गाव संपताच चढ. साग, पळस, मधेच सीताफळीची झुडपं, आणि पायाखाली काळे, गोटीगोटी सुटलेले दगड. वाट रुंद होती पण उभी होती. श्रीपादला धाप लागली. सुलोचनेनं पदर खोचला, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि ती पुढे निघाली. वळणावर थांबून ती त्याची वाट बघे आणि तो दिसला की पुन्हा पुढे जाई. असं चालताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. छत्रीबागेच्या जिन्यावर ती कठड्याला धरून चढायची.

अर्धी वाट झाली असावी, तिथे एका सपाट जागी गवत कापणाऱ्या दोनतीन बायका भारे बांधून बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "कां जई री हो बई?"

"उप्पर, कुंड पे," सुलोचना म्हणाली, आणि लहानपणची माळवी तिच्या तोंडात आपोआप आली. ती त्यांच्याजवळच फतकल मारून बसली. तिनं डबा उघडून त्यांना चकल्या दिल्या, त्यांनी तिच्या ओटीत सीताफळं टाकली. ती मानपूरच्या पोस्टाबद्दल सांगत होती आणि त्यातल्या म्हातारीला तिचे वडील आठवत होते. "पोस्टवाळा मास्टरजी? चश्मो लगावता था नी?" सुलोचना मोठ्यांदा हसली. तिच्या हाताला सीताफळाचा गर लागला होता, केस सुटले होते. श्रीपाद जरा लांब एका दगडावर बसून घाम पुसत होता. त्याला बरं वाटत होतं. आपण हे आधी का केलं नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात वरून माणसं उतरल्याचा आवाज आला. आधी एक चपराशी दिसला, हातात थर्मास आणि सतरंजी. त्याच्यामागे हॅट घातलेले दिघेसाहेब आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई. दिघेसाहेब म्हणजे श्रीपादच्या खात्याचे उपसचिव. सणासाठी ते इंदूरला त्यांच्या सासुरवाडीला आले असतील हे श्रीपादच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तो ताडकन उभा राहिला.

"अरे, श्रीपादराव!" साहेब म्हणाले. "तुम्ही इथे? आणि मातोश्री कशा आहेत? काल ग्वाल्हेरहून ट्रंककॉल आला तेव्हा कळलं, तार आली होती म्हणे आपली."

श्रीपादनं घाईनं नमस्कार केला. "बऱ्या आहेत साहेब. म्हणजे, आता उतार आहे. म्हणून... नवस होता. नवस फेडायला आलो होतो."

"छान, छान," साहेब म्हणाले आणि हातातली काठी टेकत पुढे निघाले. प्रमोदिनीबाईंनी गवतवाल्या बायकांत बसलेल्या सुलोचनेकडे एकदा पाहिलं आणि त्या किंचित हसल्या.

साहेब वळणाआड जाईपर्यंत श्रीपाद उभाच होता. त्याला वाटलं, झालं. उद्या ग्वाल्हेरला फाइल उघडेल. खोटी रजा, वर खोटा नवस. इंदूरवाल्यांना काढायला कारण हवंच होतं. आता काहीतरी करायला हवं, साहेबांबरोबर राहायला हवं, बोलता बोलता त्यांचं मन वळवायला हवं. तो सुलोचनेजवळ गेला.

"ऊठ. उतरायचं."

"उतरायचं?" तिला कळलंच नाही. "अहो, ते बघा, वरची पताका दिसून राहिलीय. ही बाई म्हणते, थोडंच उरलंय."

"साहेब गेले पुढे. त्यांना गाठायला हवं. चल लवकर."

"मग तुम्ही गाठा ना त्यांना. मी या बायकांबरोबर वर जाऊन येते. तुम्ही खाली थांबा."

"या बायकांबरोबर?" त्याचा आवाज चढला. "साहेबांनी विचारलं बायको कुठे, तर काय सांगू? तुझ्या त्या डबक्यासाठी नोकरी घालवू का माझी?"

गवतवाल्या बायका खाली बघून भारे आवळायला लागल्या. त्यांना मराठी कळत नसलं तरी आवाज कळला होता. सुलोचना उठली. तिनं पदर सोडून नीट डोक्यावर घेतला, पिशवीतून चपला काढून घातल्या. सीताफळं तिथेच ठेवली. म्हातारी म्हणाली, "बई, फेर आवजो." पुन्हा यायचं म्हणून तिनं मान हलवली.

पायथ्याशी साहेबांची जीप होती. श्रीपादनं जवळजवळ पळत जाऊन ती गाठली, सतरंजी चपराशाच्या हातून घेऊन स्वतः जीपमध्ये ठेवली. साहेब म्हणाले, "इंदूरलाच जाताय ना? बसा मागे." वाटेत श्रीपाद पुढे वाकून कचेरीतल्या गोष्टी बोलत राहिला. साहेब हं हं करत होते. प्रमोदिनीबाई बोलक्या होत्या. त्यांनी मागे वळून सुलोचनेला सांगितलं, "वर काय देखावा आहे हो! एकीकडे आपला माळवा, नुसता सपाट, आणि दुसरीकडे सगळं एकदम खाली कोसळलेलं, डोंगरच डोंगर. आणि कुंडाचं पाणी! काय गार! तुम्ही पाहिलंच असेल म्हणा."

"हो," सुलोचना म्हणाली.

श्रीपादनं ते ऐकलं. त्याला तिच्याकडे वळून बघायचं होतं, पण साहेब काहीतरी विचारत होते.

घरी आल्यावर रमाबाईंनी विचारलं, "झालं का दर्शन?" सुलोचना म्हणाली, "छान झालं." आणि ती कणीक मळायला बसली.

ग्वाल्हेरला काहीच झालं नाही. फाइल उघडली नाही, कुणी काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी एका कागदावर सही घ्यायला श्रीपाद साहेबांच्या खोलीत गेला असताना साहेबच म्हणाले, "काय श्रीपादराव, पुन्हा गेलात का जानापावला? झकास जागा आहे." श्रीपादला राहवलं नाही. तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी रजेचं... मला जरा भीती वाटली होती. म्हणून अर्ध्यावरूनच फिरलो." साहेबांना आधी आठवेनाच. मग ते हसायला लागले. "अहो, सणाला कोण खरी तार करतो? आणि तुम्ही काय माझ्यासाठी परत फिरलात? मला वाटलं, तुम्ही वर जाऊनच उतरत होतात."

त्या दिवशी श्रीपाद चाळीत आला आणि जेवलाच नाही. सोबत्यांना वाटलं पोट बिघडलंय. घरी पत्र लिहायला बसला, पण "साहेबांना काही वाटलं नव्हतं" हे तिला कसं लिहायचं ते त्याला सुचेना. ते वाचून तिला आणखीच वाईट वाटलं असतं. त्यानं नेहमीसारखं खुशालीचं पत्र टाकलं.

सुलोचनेनं त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही. ती त्याच्याशी नीट वागायची, तो आला की त्याच्या आवडीची भरली वांगी करायची, हसायचीही. फक्त डोंगराचं नाव घेत नसे. आधी बोलता बोलता "आमच्या मानपूरला" असं दिवसातून एकदा तरी यायचं. तेही बंद झालं, आणि ते बंद झालंय हे श्रीपादच्या फार उशिरा लक्षात आलं.

पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मध्यभारतच गेलं. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे हा प्रकार संपला. श्रीपादला भोपाळला क्वार्टर मिळणार होतं आणि रुजू व्हायला थोडी मुदत होती. खोलीत ट्रंका भरून ठेवल्या होत्या. कार्तिकी पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली होती.

तो म्हणाला, "सुलोचना, जाण्याआधी जानापावला जाऊन येऊ. जत्राच आहे. या वेळी कुणी साहेब नाही, काही नाही. तू म्हणशील तितका वेळ थांबू."

ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "नको," ती म्हणाली.

"का? पाय दुखतात का?"

"पाय चांगले आहेत."

"मग?"

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "अहो, खरंच काही नाही. मी रागावलेली नाही. त्या दिवशी जायचं होतं मला. लहानपणापासून होतं. आता नाही वाटत. उगाच तुमच्यासाठी म्हणून कशाला चढू?"

"चूक झाली माझी," श्रीपाद म्हणाला. हे वाक्य तो दोन वर्षं मनात घोळवत होता. त्याला वाटलं होतं, ते म्हटलं की काहीतरी मोकळं होईल.

"असू दे," ती म्हणाली. "तो दोरा द्या बरं इकडे."

पौर्णिमेला तो एकटाच गेला. का गेला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. मोटारी भरभरून चालल्या होत्या, पायथ्याशी बैलगाड्यांचा तळ पडला होता. गर्दीबरोबर तो चढत राहिला. ज्याला तो अर्धी वाट समजत होता ती सपाट जागा आली. तिथे आता शेंगदाणे विकणारा बसला होता. तिथून पुढे एकच वळण, मग एक छोटा चढ, आणि एकदम आभाळ मोकळं झालं. माथा आला होता. विडी ओढून होईपर्यंत माणूस पोचेल इतकंच अंतर होतं ते. श्रीपाद तिथेच एका कडेला बसला. लोक जयजयकार करत त्याच्या अंगावरून जात होते. एका माणसानं विचारलं, "क्या हुआ दादा, चक्कर आ गया क्या?" त्यानं नाही म्हणून मान हलवली.

मग उठून त्यानं सगळं पाहिलं. उत्तरेला गव्हासाठी तयार केलेली काळी रानं क्षितिजापर्यंत पसरली होती. दक्षिणेला जमीन संपल्यासारखी तुटून खाली गेली होती, आणि तिच्यापलीकडे निमाडाचे डोंगर एकामागे एक, फिके होत गेलेले. असल्या डोंगरांच्या पोटातून इतकं सगळं बाहेर पडलं असेल, आणि आता तिथे बायका ओल्या लुगड्यांनी दिवे सोडतायत, हे पाहून त्याला सासऱ्यांची आठवण झाली. लग्नात एकदाच ते दोघे निवांत बोलले होते. तेव्हा ते म्हणाले होते, "तिला एकदा वर न्या. माझ्याच्यानं झालं नाही." हे तो साफ विसरला होता. कुंडाचं पाणी गर्दीनं गढूळ झालं होतं. त्यात हात घालावासाही त्याला वाटला नाही. तिच्या हक्काचं काहीतरी आपण परस्पर बघून घेतोय, असं सारखं वाटत होतं. तो लवकरच उतरला.

घरी येऊन त्यानं तिला सांगायचा प्रयत्न केला. माळवा कसा दिसतो, निमाड कसा दिसतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा "गर्दी फार असेल," म्हणाली, आणि विचारलं, "जेवून आलात की पान मांडू?"

भोपाळात त्यांचं बरं चाललं. क्वार्टरला पुढे अंगण होतं, शेजार चांगला होता. सुलोचना तिथल्या बायकांत लवकर मिसळली. भजनी मंडळात जाऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर कधी सांचीला, कधी भोजपूरला जाऊ लागली. श्रीपादला ती विचारत नसे. आदल्या दिवशी सांगे, "उद्या आम्ही चाललोय. भात-वरण करून ठेवते." तो लगेच "हो, हो, जरूर जा" म्हणायचा. तिनं एकदा तरी "जाऊ का?" असं विचारावं आणि आपण तोंडभर हो म्हणावं, यासाठी त्याचा जीव तुटायचा.

एका रविवारी तिची मंडळी उदयगिरीची लेणी बघायला निघाली होती. सकाळी दारात भाड्याची मोटार येऊन थांबली. श्रीपाद अंगणात उभा होता. त्यानं धीर करून म्हटलं, "मीही येऊ का गं?"

ती थबकली. तिच्या चेहऱ्यावर नवल होतं, आणि थोडी माया पण. "आज तर सगळ्या बायकाच आहेत," ती म्हणाली. "आणि जागाही नाही हो. आधी बोलला असतात तर."

"असू दे, असू दे," श्रीपाद म्हणाला. "सावकाश या."

मोटार सुरू झाली. आतून कुणीतरी विनोद केला असावा, कारण सगळ्या हसल्या आणि त्यात तिचंही हसणं ऐकू आलं, मोठ्यांदा, मोकळं. मोटार वळली तरी तो फाटकाची कडी हातात धरून बराच वेळ उभा होता. मग आत जाऊन त्यानं स्वतःसाठी चहाचं आधण ठेवलं.